आरव्ही घेऊन युरेला: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

कोलोरॅडोच्या नैऋत्य भागात, सॅन वान डोंगररांगेत, युरे म्हणून एक छोटंसं गाव आहे. वस्ती जेमतेम हजाराच्या आसपास, तिन्ही बाजूंनी सरळ उभे कडे, आणि उंची ७,७९२ फूट, म्हणजे आपलं कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फुटांवर आहे तर हे अख्खं गावच त्याच्या दोनेक हजार फूट वर वसलंय. पहिली आरव्ही ट्रिप, म्हणजे आत बेड, किचन आणि टॉयलेट असलेली राहायची गाडी घेऊन केलेली ट्रिप, करायची असेल तर मी डोळे झाकून युरेचं नाव सांगते, कारण गाव एवढंसं आहे की एकदा गाडी लावली की पुढचे तीन दिवस पायीच सगळं होतं. आणि आरव्ही ट्रिपचं खरं सुख त्यातच आहे, गाडी फिरवण्यात नाही, चांगल्या जागी नेऊन उभी करण्यात आहे. खाली जे काही सांगितलंय ते सगळं ह्याच एका हिशोबाने सांगितलंय.

आधी ठरवा: कधी जायचं

जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत. त्याच्या आधी वरच्या घाटांत बर्फ असतो आणि नंतर रात्री इतकी थंडी पडते की बऱ्याच आरव्ही पार्कांमध्ये नळाचं पाणी बंद करतात किंवा पार्कच बंद होतं. जुलै-ऑगस्टमध्ये रानफुलं जबरदस्त असतात पण दुपारी ढग जमून विजांचा पाऊस ठरलेला, त्यामुळे डोंगरावर जायचं असेल तर सकाळी लवकर निघून बारापर्यंत झाडांच्या पट्ट्यात खाली परत यायचं, ह्यात तडजोड नको. गर्दी कमी हवी आणि अस्पेनची पिवळी झाडं बघायची असतील तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरा, फक्त रात्री पाणी गोठायची तयारी ठेवा.

गाडी: जितकी छोटी तितकं बरं

भाड्याच्या आरव्हीत साधारण तीन प्रकार दिसतात. क्लास ए म्हणजे बससारखी मोठी, क्लास बी म्हणजे व्हॅनमध्येच बसवलेली, आणि क्लास सी म्हणजे ट्रकच्या केबिनवर पुढे आलेला बेड असतो ती. नवीन माणसाने क्लास सी घ्यावी, १९ ते २५ फुटांची. ३० फुटी घेऊ नका, भले चार पैशांचाच फरक असो. चौघांच्या कुटुंबाला २५ फूट पुरते, आणि डोंगरात प्रत्येक जास्तीचा फूट वळणावर, पेट्रोल पंपावर आणि कॅम्पसाईटवर रिव्हर्स घेताना जाणवतो.

बेड किती आहेत ते बघून लोक बुकिंग करतात, पण सीटबेल्ट किती आहेत ते आधी विचारा. गाडी चालू असताना प्रत्येक जण बेल्ट लावून बसलेला हवा, मागे बेडवर आडवं पडून किंवा चहा करत जायचं नाही, आजी-आजोबांनासुद्धा नाही. ह्या साईजच्या गाडीला कमर्शियल लायसन्स लागत नाही, साधं चालतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांना चालवायची असेल तर कंपनी त्यांचं लायसन्स घेते का आणि वयाची अट काय आहे हे लेखी विचारून घ्या.

कॉन्ट्रॅक्टमध्ये तीन गोष्टी शोधा: मैलाचा चार्ज, जनरेटरचा तासावर चार्ज, आणि कच्च्या रस्त्याची बंदी. ही बंदी जवळपास सगळीकडे असते. वर पेट्रोल, गॅलनला ८ ते १० मैल एवढंच ॲव्हरेज धरा. हे सगळं मिळून जे बजेट होतं ते "हॉटेलपेक्षा स्वस्त पडेल" ह्या कल्पनेपेक्षा वेगळं निघतं, म्हणून कागदावर आधीच मांडा.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. तिथला माणूस भराभर सगळं दाखवतो, त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, विचारून काढला तर कोणी नाही म्हणत नाही. आणि गाडीची उंची विचारून एका कागदावर मोठ्या आकड्यात लिहून डॅशबोर्डला चिकटवा, ११-१२ फूट असते ती. पंपाचं छप्पर, ड्राईव्ह-थ्रू, झाडाची खाली आलेली फांदी, ह्या सगळ्याला वरचा एसीच आधी लागतो.

रस्ता: उत्तरेकडूनच या

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

युरेला जायला यूएस ५५० हा एकच मोठा रस्ता, तो गावाच्या मधोमध जातो, तिथली मेन स्ट्रीट म्हणजे तोच. उत्तरेकडून, म्हणजे मॉन्ट्रोज आणि रिजवेकडून आलात तर रस्ता हळूहळू दरीतून वर चढतो, रुंद आहे, सोपा आहे. दक्षिणेकडून सिल्व्हरटनहून आलात तर तो प्रसिद्ध मिलियन डॉलर हायवे लागतो, जवळजवळ २५ मैल, मध्ये ११,००० फुटांवरचा रेड माउंटन पास, आणि युरेजवळच्या घळीत बऱ्याच ठिकाणी कडेला कठडाच नाही, कारण हिवाळ्यात रस्ता साफ करणाऱ्या गाड्यांना बर्फ सरळ दरीत ढकलावा लागतो. १८८० च्या दशकात ऑटो मिअर्स नावाच्या माणसाने खाणींसाठी हा टोलरस्ता कड्यात कोरून काढला, त्यावरच पुढे आजचा हायवे झाला. बघण्यासारखा आहे ह्यात शंकाच नाही, रोज मोठे ट्रेलरसुद्धा जातात तिथून, पण पहिल्यांदा आरव्ही चालवणाऱ्याने तो आरव्हीतून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. युरेहून सिल्व्हरटनकडे निघालं तर आपली लेन दरीच्या बाजूची असते, शेजारी बसलेल्याला खिडकीतून रस्ता दिसतच नाही, थेट खोल दरी दिसते. करायचाच असेल तर छोटी कार किंवा टूरची गाडी घ्या.

अडचण अशी की मॅपला हे कळत नाही. तुम्ही मेसा व्हर्दे नॅशनल पार्क बघून किंवा न्यू मेक्सिकोतून येत असाल तर फोन तुम्हाला बिनदिक्कत दुरँगो-सिल्व्हरटनवरून पाठवतो. त्यापेक्षा डोलोरेसवरून १४५ नंबरचा रस्ता धरा, लिझर्ड हेड पास (१०,२२२ फूट) ओलांडून प्लेसरविलला या, तिथून ६२ नंबरने डॅलस डिव्हाइडवरून रिजवेला उतरा. लांब पडतो पण वळणं सौम्य आहेत आणि डॅलस डिव्हाइडवरून स्नेफेल्सची जी रांग दिसते ती बघून थांबल्याशिवाय राहवत नाही.

डेन्व्हरहून येणार असाल तर आय-७० ने ग्रँड जंक्शन, मग यूएस ५० ने मॉन्ट्रोज, मग ५५०, मिळून साधारण ३४० मैल. कारने एका दिवसात होतात, आरव्हीने करू नका. आयझेनहॉवर टनेल ११,००० फुटांच्या वर आहे, पुढे व्हेल पास आहे, चढावर गाडी ट्रकांच्या लेनमध्ये हळूहळू जाते आणि ते तसंच जाऊ द्यायचं. ग्रँड जंक्शनजवळ फ्रुटाला स्टेट पार्क आहे, तिथे रात्रीचा मुक्काम टाका, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आरामात युरे. मॉन्ट्रोज ते रिजवे पट्ट्यात संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडायच्या आत साईटवर पोचलंच पाहिजे.

घाट उतरणं

चढताना फक्त वेळ जातो, कसब लागतं ते उतरताना. फोर्डच्या बहुतेक क्लास सी गाड्यांमध्ये गिअरच्या दांड्याच्या टोकाला एक बटण असतं, टो-हॉल. उतार सुरू व्हायच्या आधी ते दाबा. मग ब्रेकला हलका पाय लावला की गाडी आपणहून गिअर खाली आणते, इंजिन जोरात घोंगावायला लागतं, बाजूचे घाबरून बघतात, पण तो आवाज चांगला आहे, इंजिन गाडीला धरून ठेवतंय. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरायचं नाही, दाबा, वेग कमी करा, पूर्ण सोडा, परत वाढला की परत दाबा. जळका वास आला तर पहिल्या रुंद जागी थांबा आणि अर्धा तास गार होऊ द्या, पाणी बिणी ओतू नका. मागे गाड्या साठल्या तर पुलआउट, म्हणजे थांबायला रस्त्याकडेची रुंद जागा, दिसेल तिथे बाजूला होऊन जाऊ द्या.

अजून एक, वळताना मागचा भाग उलट्या बाजूला फेकला जातो. उजवीकडे वळलात की मागची डावी कड बाहेर येते, पंपावरच्या खांबांना सगळ्यात जास्त तीच घासते. शक्यतो कडेचा पंप घ्या आणि वळण जरा उशिरा सुरू करा.

मुक्काम कुठे

दोन पर्याय मला पटतात. एक, गावाच्या उत्तर टोकाला नदीच्या बाजूने जे खाजगी आरव्ही पार्क आहेत ते, साईट जवळजवळ असतात पण चालत गावात जाता येतं. दोन, रिजवे स्टेट पार्क, युरेपासून उत्तरेला १५ मैलांच्या आसपास, तलावाच्या काठी, मोकळं, आकाश मोठं, फक्त तिथून गावात पायी येता येत नाही. तिथे पा-को-चू-पक ह्या भागात पूर्ण हुकअप मिळतात, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्ही. स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी त्याच सकाळी बसावं लागतं. कॅम्पिंगच्या पैशांशिवाय पार्कचा गाडीचा पास वेगळा लागतो हे लक्षात ठेवा.

गावाच्या वर फॉरेस्ट सर्व्हिसचं अँफिथिएटर कॅम्पग्राउंड आहे, फोटो बघून मोह होतो, पण तिथे जायचा रस्ता चढा आणि वळणं आवळ आहेत, मोठ्या आरव्हीचं काम नाही ते.

बुकिंग करताना साईटची लांबी बघा आणि पुल-थ्रू मिळत असेल तर तीच घ्या, एका बाजूने आत, दुसरीकडून बाहेर, रिव्हर्सची भानगड नाही. बॅक-इन असेल तर एकाने खाली उतरायचंच. उतरलेल्या माणसाने ड्रायव्हरच्या आरशात दिसत राहायचं, आरसा दिसत नसेल तर ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. हाताच्या खुणा आधीच ठरवा, खासकरून "थांब". बाजूने चार जण ओरडायला लागले की ड्रायव्हर नेमकं नको त्याचं ऐकतो, म्हणून बोलणारा एकच. आणि वर बघायला विसरू नका, फांद्या.

साईटवर पोचल्यावर, ह्याच क्रमाने

आधी गाडी लेव्हल करा. खालच्या बाजूच्या चाकांखाली प्लास्टिकचे ब्लॉक ठेवून त्यावर चढवा. हे फक्त झोप नीट लागावी म्हणून नाही, गॅसवर चालणारा फ्रिज वाकड्या गाडीत नीट गार होत नाही आणि बिघडू पण शकतो. मग चाकांना चोक, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून पाचरी, लावा.

मग वीज. पोलवरचा ब्रेकर आधी बंद करा, मग प्लग लावा, मग ब्रेकर चालू. भाड्याच्या बहुतेक गाड्या ३० ॲम्पवर चालतात, एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडणार, एकामागून एक वापरा. मग पाणी: पिण्याच्या पाण्याचा वेगळा पाईप येतो, सहसा पांढरा किंवा निळा, तोच वापरायचा, आणि नळाला प्रेशर रेग्युलेटर लावून मगच जोडायचा. रात्री शून्याच्या खाली जायचा अंदाज असेल तर झोपायच्या आधी पाईप काढून रिकामा करून ठेवा आणि टाकीतलं पाणी पंपाने वापरा.

हीटर प्रोपेन गॅसवर चालतो पण त्याचा पंखा बॅटरीवर, त्यामुळे हुकअप नसेल तर रात्रभर हीटर लावून सकाळी बॅटरी बसलेली सापडते. पहिल्या ट्रिपला हुकअप असलेलीच साईट घ्या म्हणते ती ह्यासाठीच.

टाकी रिकामी करणं

ज्या कामाला सगळे घाबरतात ते पंधरा मिनिटांचं काम आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. गाडीत तीन टाक्या: स्वच्छ पाण्याची, ग्रे म्हणजे बेसिन-शॉवरची, आणि ब्लॅक म्हणजे टॉयलेटची. पूर्ण हुकअप असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही, पाणी वाहून जातं आणि घट्ट माल टाकीत साठून बसतो. दोन तृतीयांश भरली की मगच.

डिस्पोजेबल ग्लोव्ह्ज घाला, पाईपचं एक टोक गाडीला फिरवून लॉक करा, ओढून बघा बसलंय ना, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घालून त्यावर काहीतरी वजन ठेवा. मग ब्लॅकचा दांडा झटक्यात ओढा. कोपऱ्यात पारदर्शक जोड असेल तर त्यातून दिसतं, आधी गडद, मग फिकट, मग धार मंदावते. टॉयलेटमधून बादलीभर पाणी ओतून परत एकदा जाऊ द्या. व्हॉल्व्ह बंद. आता ग्रे उघडा, त्या साबणाच्या पाण्याने पाईप आतून धुऊन निघतो, म्हणूनच ब्लॅक आधी आणि ग्रे नंतर. शेवटी ब्लॅक टाकीत थोडं पाणी आणि केमिकलची पुडी टाका. टॉयलेट पेपर फक्त आरव्हीसाठीचा, वेट वाइप्स अजिबात नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असू दे. आणि तिथला नळ हात-पाईप धुवायचा असतो, त्यातून पिण्याची टाकी भरू नका.

स्वयंपाक आणि अस्वलं

ह्या उंचीवर पाणी साधारण ९२ अंशाला उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात भात किंवा डाळ शिजायला कायच्या काय वेळ लागतो. छोटा प्रेशर कुकर घरून घ्या, एखादी शिट्टी जास्त द्या, खिचडी बिनधास्त होते. चिप्सची पाकिटं फुगून टम्म होतात, घाबरायचं काही नाही. फोडणी करताना छताचा व्हेंट आणि खिडकी उघडी ठेवा, नाहीतर स्मोक अलार्म वाजतो, आणि तेलकट भांडी टिशूने पुसून मगच धुवा, ग्रे टाकीत तेल नको. मोठा किराणा मॉन्ट्रोजलाच भरून घ्या, युरेत दुकानं छोटी आहेत.

काळी अस्वलं ह्या भागात खरोखर येतात. बाहेरच्या टेबलावर रात्री काही ठेवायचं नाही, कूलर नाही, कचऱ्याची पिशवी नाही, कुत्र्याचं खाणंसुद्धा नाही. कचरा त्याच संध्याकाळी लॅच असलेल्या डब्यात टाकून या. अस्वलाला एकदा माणसाच्या खाण्याची सवय लागली की शेवटी जीव त्याचाच जातो, म्हणून हे स्वतःपुरतं नाही, त्याच्यासाठी पाळायचं. शेकोटी पेटवायच्या आधी फायर बॅन, म्हणजे आग पेटवायला बंदी, आहे का ते ऑफिसात विचारा, उन्हाळ्यात बरेचदा असतो.

पहिला दिवस आरामाचा

पोचल्याच्या दिवशी काही चढायचं नाही. पाणी भरपूर प्या, दारू टाळा, डोकं दुखलं, मळमळलं तर विश्रांती घ्या, आणि त्रास वाढत गेला तर कमी उंचीवर, मॉन्ट्रोजकडे उतरा. आई-बाबा सोबत असतील आणि हार्टचा किंवा बीपीचा त्रास असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

त्या संध्याकाळी गरम पाण्याच्या तलावावर जा. गावाच्या तोंडाशीच आहे, १९२७ पासून चालू, कोमट ते चांगले गरम असे वेगवेगळे पूल, आणि पाण्याला गंधकाचा वास नाही. दिवसभर स्टिअरिंग धरून खांदे धरलेले असतात ते त्या पाण्यात सुटतात, समोर कड्यावर शेवटचं ऊन असतं.

दुसऱ्या दिवशी बॉक्स कॅन्यनचा धबधबा, अरुंद घळीत २८५ फूट उतरणारं पाणी, लोखंडी पुलावर उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पेरिमीटर ट्रेल गावाला वळसा घालतो, साधारण सहा मैल, हवा तेवढाच तुकडा करून गावात उतरता येतं, लहान मुलं असतील तर कॅस्केड फॉल्सपर्यंतच जा. यँकी बॉय बेसिनची रानफुलं बघायची तर जीपची टूर घ्या, तो रस्ता कड्यात कोरलेला आणि कच्चा आहे, आरव्हीने त्या फाट्यावर वळायचंसुद्धा नाही.

निघताना

सगळ्यांनी चहा पिऊन झाला की एकाने गाडीभोवती पूर्ण चक्कर मारायची: वीज काढली, पाण्याचा पाईप काढला, सांडपाण्याचा पाईप काढला, ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर) आत, पायरी आत, छताचे व्हेंट बंद, चोक काढले. आत दुसऱ्याने: कपाटं आणि फ्रिजचं दार लॉक, पाण्याचा पंप बंद, कुकर ओट्यावर नाही. दोघांनी जागा बदलून परत एकदा बघायचं. पंपावर पेट्रोल भरायच्या आधी प्रोपेनवर चालणारं सगळं बंद.

परत जाताना पण उत्तरेकडूनच. गाडी द्यायच्या आदल्या रात्री डम्प स्टेशन (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) असलेल्या ठिकाणी राहा, म्हणजे सकाळी टाक्या रिकाम्या, प्रोपेन आणि पेट्रोल भरलेलं आणि आत झाडून घेतलेलं असतं. भरलेली टाकी तशीच परत दिली तर कंपन्या वेगळे पैसे लावतात. कडा, काच, छत, मीटर आणि पेट्रोलचा काटा ह्या सगळ्यांचे फोटो काढा आणि डिपॉझिट परत खात्यात येईपर्यंत डिलीट करू नका.